खालचा कप्पा

मी अर्धवेळ ग्रंथपाल. म्हणजे पगार अर्धा,
किल्ल्या मात्र सगळ्या माझ्याकडे.
शुक्रवार पेठेतली शाळा, वाचनालय तळमजल्यावर,
आणि नदी हाकेच्या अंतरावर.
हाक मारावी लागत नाही. ती येते.

मधल्या सुट्टीत नववी ब-मधली प्रणोती वडणगेकर आली.
"मॅडम, मी प्रकल्प घेतलोय. पुराचा."
घेतलोय म्हणाली. आमच्याकडे मुली असंच बोलतात,
मराठीच्या बाई रोज दुरुस्त करतात आणि रोज हरतात.
"नेटवर बघितलो. तिथं अख्खं कोल्हापूर बुडालंय,
आमची गल्ली कुठंच न्हाई."

घरच्या भिंतीवर खूण असेल की, मी म्हटलं.
"पप्पांनी दुसऱ्याच महिन्यात रंग दिला.
विरघळलेले गणपती मोजलेत आम्ही, एकशे बारा.
पाणी मोजायचं राहिलं."

तिला पाचशे एक्कावन्नकडे नेलं: पाऊस, पाणी, नद्या.
नाईलला अख्खं प्रकरण, पंचगंगा अर्ध्या ओळीत,
दोन स्वल्पविरामांमध्ये अंग चोरून.
मग सूची कशी बघायची ते दाखवलं:
आधी शब्द, मग पान, मग त्याच्या मागचं-पुढचं पान,
कारण हवं ते बहुधा शेजारी राहतं.
शिवगोंडा मामांनी माळ्यावरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला.
शिंका आल्या, मच्छिंद्री झाल्याची बातमी आली,
फुटांचा आकडाही आला, पण तो बंधाऱ्यावरचा.
"हे तिकडचं," ती म्हणाली. "मला हिकडचं पायजे.
आणि पुस्तकातच नसंल, तर लिहायचं काय?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी चष्मा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला.

ती खाली बसली होती, पायाच्या बोटांशी सुतळीचे गठ्ठे.
एकशे सदतीस पुस्तकं, निर्लेखनासाठी,
यादी तीन प्रतींत, कारणाच्या रकान्यात एकच वाक्य:
पुरात भिजल्याने निरुपयोगी.
दुधात पडलेल्या पावासारखी फुगलेली, वाळून कडक झालेली.
तिनं व्याकरणाचं एक ओढलं. पाठीवर तपकिरी रेघ.
भूमितीचं ओढलं. रेघ. पाककृतींचं. रेघ.
"मॅडम, ही पयल्यांदा कशी लावलेली होती?"

दाखल नोंदवही काढली. मी आकडे वाचत गेले, ती लावत गेली.
सुट्टी संपल्याची घंटा झाली, कुणी ऐकली नाही.
शेवटचं पुस्तक आत सरकलं
आणि कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
पाणी पुन्हा उभं राहिलं,
विभक्तीवरून प्रमेयावर, प्रमेयावरून बासुंदीवर,
कुठेही न तुटता.
फरशीपासून एकोणचाळीस सेंटिमीटर.

कागद पाणी वर ओढतो, मी म्हटलं, खरी पातळी खाली असणार.
(म्हटलं नसतं तरी चाललं असतं. नववीतली मुलगी.
पण मग मी तिथं बसते कशाला?)
"मग किती ओढतोय ते बघू की."
मामांचा चहाचा ग्लास, त्यात नळाचं पाणी,
फाटक्या पानाची पट्टी, आणि स्टीलची मोजपट्टी.
आम्ही तिघं एका ओल्या पट्टीकडे बघत राहिलो,
सामना बघावा तसे.

चौथ्या दिवशी वही घेऊन आली. सगळं नीट,
वजाबाकीसकट, "अंदाजे" हा शब्द दोनदा अधोरेखित.
संदर्भसूचीत अडली होती.
"लेखकाच्या जागी काय लिहू?"
दाखल क्रमांक लिही, कपाट, कप्पा, पाहिल्याची तारीख.
तिनं लिहिलं. त्याच्या वर काहीतरी खोडलेलं होतं,
दोनच अक्षरं. मी वाचली, बोलले नाही.

यादी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तीन प्रतींत.
कार्यालयातून दोनदा फोन आला.
तोवर व्याकरणाच्या त्या फुगलेल्या पुस्तकावर
मी नवी चिठ्ठी डकवली: पाचशे एक्कावन्न.
खाली लाल शाईत, संदर्भ. बाहेर नेण्यास मनाई.
डिंक नीट धरत नाही. पान अजून सरळ होत नाही.